घरखर्चाचा हिशेब, हंगामाच्या मापानं

डिसेंबर संपत आला की मोबाइलवर घरखर्चाचे व्हिडिओ सुरू होतात. पगाराचे तीन वाटे करा, अर्धा घराला, थोडा हौसेला, उरलेला शिलकीत. बोलणारी बाई समजावून छान सांगते, फक्त तिच्या घरी एक तारखेला पगार येतो. आमचं हिंगणघाट तालुक्यात सात एकर कोरडवाहू वावर. सोयाबीन, कापूस आणि कापसात तुरीचे तास. पैसा वर्षातून तीनदा दिसतो: सोयाबीनचा दिवाळीच्या आगेमागे, कापसाचा थंडीत, तुरीचा संक्रांत उलटल्यावर. बाकीचे महिने दुकानदाराच्या वहीवर निघतात. म्हणून २०२५ लागताना मी ठरवलं, आपलं बजेट आपणच बसवायचं आणि गुढीपाडव्यापर्यंत पक्कं करायचं. सालदार, म्हणजे वर्षाचा गडी, पाडव्याला ठरतो, मक्त्याबटईचं, म्हणजे खंडानं नाही तर वाट्यानं कसायचं वावर पाडव्याला ठरतं, तर घरखर्चानंच एक जानेवारी काहून धरावी?

आधी कागदं गोळा केली. किराणा दुकानातल्या आमच्या खात्याच्या पानांचे फोटो काढून आणले. कृषी केंद्राच्या पावत्या ह्यांच्या शर्टांच्या खिशातून निघाल्या, विजेची बिलं देव्हाऱ्यामागून. बँकेतून पासबुक छापून आणलं. मामाजी खाटेवर बसून सगळा पसारा पाहत होते. म्हणाले, "लिहून का पैसा वाढते काय वं सूनबाई?" मी म्हटलं, वाढत नाही मामाजी, पण कोणत्या दारानं जाते ते तरी दिसते.

घरात सगळ्यांचा संशय किराण्यावर होता, म्हणजे माझ्यावर. तेलाचा आकडा फुगलेला होताच. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं आणि तेल चढलं. सोयाबीन मात्र क्विंटलला हमीभाव ४८९२ असताना बाजारात चार हजारांच्या आसपास लोळत होतं. विकतो ते स्वस्त, तेच पिळून डब्यात येतं ते महाग. तरी किराणा जागच्या जागी होता. खरी भोकं तीन ठिकाणी निघाली: मोबाइलचा रिचार्ज, कृषी केंद्राची उधारी आणि लग्नांचे आहेर.

रिचार्जचा हिशेब पोरानं मांडून दाखवला. पॅक महिन्याचा म्हणतात, पण असतो अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे वर्षात बारा नाही, तेरा वेळा. २९९ गुणिले तेरा, ३८८७. घरात असे तीन फोन, म्हणजे ११,६६१ रुपये. कापूस सात हजारांच्या आसपास जात होता, म्हणजे दीड क्विंटलाच्या वर पांढरं सोनं रिचार्जमध्ये. तेही वेचाईची मजुरी न धरता. मामाजींच्या फोनला इंटरनेट लागतच नाही, ते फक्त बोलतात, तेही एवढ्या जोरात की फोन नसता तरी चाललं असतं. नशिबानं त्याच जानेवारीत ट्रायच्या, म्हणजे फोन कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेच्या आदेशामुळे नुसते बोलण्याचे पॅक आले, साडेचारशेच्या आसपास चौऱ्याऐंशी दिवस. त्यांच्या फोनला तोच मारला. माझा आणि ह्यांचा फोन ठेवला, पण नेटचा पॅक एकाच फोनवर, दुसरा त्याच्याच हॉटस्पॉटवर. पोराचं तोंड आठ दिवस वाकडं होतं.

कृषी केंद्राची गोष्ट घरखर्चात कशाला, असं शहरातल्या वाचकाला वाटेल. आमच्याकडे वावराचा खिसा आणि घराचा खिसा एकच. जूनमध्ये खत-बियाणं उधारीवर आणायचं, कापूस निघाला की फेडायचं, आणि तिथं उधारीचा भाव नगदीपेक्षा वरचा. पावतीवर तो फरक व्याज म्हणून दिसत नाही, वस्तूच्या किमतीतच बसवलेला असतो. दोन सालांच्या पावत्या शेजारी ठेवून मी ह्यांना दाखवलं तेव्हा हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण जूनमंधी हातात नगदी राह्यते कुठं?"

राहत नाही, हे खरंच. म्हणून ती जानेवारीतच बाजूला पडायला हवी होती. आमचा कापूस त्या हंगामात सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावर गेला. लांब धाग्याला तेव्हा हमीभाव ७५२१, तोही ओलावा आठ टक्के असेल तर. बारा टक्क्यांपर्यंत घेतात, पण वरच्या प्रत्येक टक्क्याला पैसे कापतात, म्हणून बंडी भरायच्या आधी कापूस छतावर दोन उन्हं खाऊ दिला. पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात आले. हातात नोटा आल्या असत्या तर अर्ध्या बाजाराच्या दिवशीच सुटल्या असत्या. त्यातले तीस हजार ह्यांच्या सहीनं जूनपर्यंतच्या ठेवीत टाकले. ह्यांना ते जड गेलं. गावात कोणी काही मागितलं की खिसा रिकामा करायची त्यांची सवय.

हिशेबाला बसलो तेव्हाच दुसरी गोष्ट ठरली: विकायच्या आधी घरचं काढून ठेवायचं. सोयाबीनचं बियाणं घरचंच, कारण ते आपल्याच परागानं फळतं आणि दोन-तीन वर्षं घरचं चालतं. तीन एकराला एकरी तीस किलो धरून नव्वद किलो बाजूला. पोती एकावर एक फार रचायची नाहीत, आपटायची तर नाहीतच, कारण सोयाबीनचं टरफल पातळ असतं. मेमध्ये ओल्या पोत्याच्या तुकड्यावर शंभर दाणे ओळीनं मांडून गुंडाळी केली आणि माठाजवळ सावलीत ठेवली. उघडून मोजले तर ऐंशीच्या वर उगवले होते. सत्तर उगवले तरी पेरता येतं.

तुरीवर मात्र वाद झाला. मला एक क्विंटल घरात हवी होती. हे म्हणाले, हमीभाव ७५५० आहे, विकून मोकळं होऊ, डाळ काय मिळत नाही का? मी आकडे मांडले. घराला महिन्याला सहा किलो डाळ, म्हणजे वर्षाला सत्तरच्या वर. क्विंटलभर तुरीची साधारण सत्तर किलो डाळ निघते, बाकी चुनी ढोरांना. किराण्यात चांगली डाळ तेव्हा एकशेचाळीसच्या आसपास होती. भरडाई देऊनही दीड-दोन हजार वाचत होते. पण माझा खरा मुद्दा पैशाचा नव्हता, महिन्याचा होता. डाळ उधारीवर येते ती श्रावण-भाद्रपदात, पोळा आणि महालक्ष्म्यांच्या तोंडावर, घरात पैसा नसतो तेव्हाच. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या बाजूनं बोलल्या आणि विषय संपला. आमच्या घरात डाळीवर त्यांचा शब्द शेवटचा.

त्यांच्या काळी जात्यावर भरडत. आता शेजारच्या गावात अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल आहे. तूर चाळून निवडून नेली. आधी मशीनमध्ये एक ओरखडा मारला, मग घरी आणून तेलाचा हात लावला, रात्रभर झाकली, पाण्याचा हबका मारून पुन्हा ढीग केला आणि नंतर अंगणात पातळ पसरली. आत्याबाई अधूनमधून दाणा दाताखाली धरत. कट्‌ करून दोन फाकी झाल्या की वाळली, दबला की अजून ऊन. त्यांनी हो म्हणेपर्यंत मिलवाल्याला फोन करायचा नाही, असा हुकूम होता. डाळ आली तेव्हा थोडी साल राहिलेली, दुकानातल्यासारखी पिवळीधमक नाही, पण वरणाला वास असा की पोरगं दोनदा भात मागून गेलं. थोडा एरंडेलाचा हात लावून, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरली.

आहेराचं प्रकरण सगळ्यात नाजूक, कारण त्यात मामाजींची इज्जत. मी सरळ काही बोलले नाही. नणंदेच्या लग्नाची आहेराची वही पेटीतून काढून त्यांच्यासमोर ठेवली. "गंज १, स्टीलचा," म्हणजे पातेलं. "५१ रु. व ब्लाउजपीस." "टोपी-दुपट्टा." मामाजी चष्मा लावून नाव नाव वाचू लागले. हा आता पुण्याला पोराकडं राह्यते, ह्यानं वावर विकलं, ह्याच्याशी मी बोलत नाही. वाचता वाचता त्यांनीच तीन वाटे पाडले. सख्खे आणि भावकी, तिथं हात आखडायचा नाही. गावातले, तिथं ठरलेलं पाकीट, सगळ्यांना सारखं. आणि ओळखीपाळखीचे, तिथं जायचं, अक्षता टाकायच्या, जेवून यायचं. "एक्कावन्नवाल्याले पाचशे देल्ले मी मागच्या साली," ते वही मिटत म्हणाले, "लोकायनं मले मोठा केला."

साड्यांचा आहेर बंद, हे आत्याबाईंनी ठरवलं. पेटीत तशा साड्यांची चळतच आहे. एका लग्नात आलेली दुसऱ्या लग्नात जाते, नेसत कोणीच नाही. आमच्याकडून गेलेली एक साडी तीन घरं फिरून परत आल्याचं आत्याबाई काठावरून ओळखतात. आता त्यातल्या सुती साड्यांच्या वाकळा शिवायला काढल्यात. लग्नाला जायचं तर गाडी भाड्यानं नाही. एसटीत बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, मामाजी पंच्याहत्तरीच्या पुढचे, त्यांना फुकट. पूर्ण तिकीट एकट्या ह्यांचं, म्हणून बहुतेक लग्नांना आम्ही ह्यांनाच घरी ठेवतो.

लाडक्या बहिणीचे पंधराशे मी घरखर्चात मिसळू दिले नाहीत. त्यातल्या हजाराची पोरीच्या नावानं पोस्टात आरडी उघडली, पाच वर्षांची. योजनेचे पैसे ठरल्या तारखेला येत नाहीत, हे आता सगळ्याच बायांना माहीत आहे. म्हणून मी खातं मुद्दाम सोळा तारखेनंतर उघडलं. पंधरा तारखेच्या आत उघडलं तर दर महिन्याचा हप्ता पंधराच्या आत भरावा लागतो, नंतर उघडलं तर महिनाअखेरपर्यंत चालतो. चुकला तर शंभराला एक रुपया दंड. बचत गटाचे दोनशे वेगळे, ते मात्र काहीही झालं तरी बैठकीत द्यायचेच, नाही तर बाकीच्या बाया पाहतात तशा पाहतात.

गॅसचं फार ठरवावं लागलं नाही. आंघोळीचं पाणी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या काड्यांवर तापतं, ते तसंच.

विजेचं उद्दिष्ट तेवढं फसलं. शंभर युनिटच्या आत बिल राहिलं तर दर कमी, त्याच्या वर गेलं की वरच्या युनिटांचा दर एकदम चढतो. बल्ब सगळे नऊ वॅटचे केले, जुना पंखा बदलला, हिवाळ्यात बिल शंभराच्या खाली आलंही. मग एप्रिल लागला. कूलर बारा तास चालला की दिवसाला दोन युनिट जातात, महिन्याचे साठ. कूलर बंद ठेवा म्हणणाऱ्यानं मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात एक दुपार काढून दाखवावी. मामाजींना तर डॉक्टरनं उन्हात बाहेर पडायलाच मनाई केली आहे. एप्रिल ते जूनचं बिल मी आता उद्दिष्टातून काढून टाकलं आहे. त्या तीन महिन्यांचे वाढीव पैसे तुरीच्या पैशातून आधीच बाजूला पडतात, वहीत त्याला वेगळं पान आहे.