चिमणीचा पट्टा, आठवडा ५: दुप्पट ठोक्यांचा घोळ

राजेहो, मागच्या खेपेला म्हटलं होतं, आमच्या चिमणी घोडीच्या हृदयाचे ठोके मोजायला बनवलेला पट्टा रात्रभर बांधून पाहतो. बांधला, अन् माझीच झोप उडाली. रात्री ११ ला मोबाईलवर ठोके ७६. निवांत घोड्याचे साधारण २८ ते ४४ असतात, उभ्या जागी ६० च्या वर गेले की पोटशूळाची धास्ती, म्हणून टॉर्च घेऊन गोठ्यात पळालो. चिमणी आरामात कडबा चघळत होती, लोळणं नाही, टापेनं माती उकरणं नाही, वळून पोटाकडं पाहणं नाही. जबड्याखालची नाडी बोटानं धरली, ३० सेकंदात १९, म्हणजे ३८. पट्टा बरोब्बर दुप्पट सांगून राहिला होता.

बाबा खाटेवरूनच, "काहून बे, घोडीले झोपू देतं का नाई?"

सकाळी कच्चा डेटा प्लॉट केला तर चोर सापडला. ईसीजीत ठोक्याच्या टोकदार सुळक्यामागून टी-वेव्ह नावाची दुसरी लाट येते, ती घोड्यात चांगलीच उंच असते. माझा कोड माणसांसाठीचा, एका ठोक्यानंतर २५० मिलिसेकंद डोळे मिटायचा, टी-वेव्ह त्याच्यानंतर येते, मग तिलाही ठोका धरायचा.

२५० चे ६०० केले, ३८ आले, खूश! जेवताना डोक्यात प्रकाश पडला की असं केलं तर १०० च्या वर मोजताच येणार नाही. घोडी खरंच दुखण्यानं १२० ला गेली तर एकाआड एक ठोका पकडून ६० दाखवेल. हे तर आधीपेक्षा घातक, खोटी बोंब परवडते बाप्पा, खोटी शांतता नाही. आता चढाव पाहतो: सुळका झटकन उठतो, टी-वेव्ह सुस्त चढते. दोन रात्री नाडीशी ताडलं, एखाद-दुसऱ्या ठोक्याचाच फरक. पण घोडी चालायला लागली की स्नायूंची खरखर इतकी की सगळं पाण्यात, सध्या एमपीयू६०५० हा हालचालीचा सेन्सर हालचाल दाखवेल तेवढा डेटा सरळ फेकतो.

बाकी, मिठाच्या पाण्यानं केस भिजवून इलेक्ट्रोड बसवायचो, एक डाव्या पुढच्या पायामागं तंगाखाली (तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा), दुसरा मानेच्या बुडाशी. पण आपल्याकडचा मे महिना, तासाभरात कोरडं ठाक. सोनोग्राफीवालं जेल जास्त टिकतं. पॉवरबँक मात्र काढून टाकली, पट्ट्यातली ईएसपी३२ चिप झोपली की करंट इतका कमी की ती आपोआप बंद पडते. १८६५० हा चार्ज होणारा लिथियम सेल लावलाय. घाम अन् खरारा दोन्ही सोसेल अशी डबी कोणी बनवली असेल तर फोटो टाका.