पाळण्यातलं बाळ कुठे गेलं?

मुलांना घेऊन संग्रहालयात गेलं की सगळं बघायचा हट्ट मी आता धरत नाही. थोरला सहा वर्षांचा, धाकटी साडेतीनची. तीन दालनं झाली की दोघंही कुरकुरायला लागतात.

या वेळी पहिलाच प्रश्न, "आई, इथे लाइट गेलेत का?" जुन्या कपड्यांचं दालन होतं. कापडावर मंद, साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड ठेवतात. उजेडाने रंग विटतो आणि विटलेला परत येत नाही, असं मी जमेल तसं सांगितलं. थोरल्याने लगेच आवाजही खाली आणला. जणू बोलण्यानेही रंग उडेल! (घरी हे का जमत नाही?)

बोटांच्या घामातले क्षार धातूला खातात, हे कळल्यावर तर तो हात मागे बांधून साहेबासारखा फिरला. कुलपांपाशी मात्र बराच वेळ थांबला. त्याच्या हाताएवढी किल्ली होती एक.

धाकटी जुन्या लाकडी पाळण्यापाशी अडून बसली.

"बाळ कुठे गेलं?"

"मोठं झालं."

"मग त्याचा पाळणा त्याला का नाही दिला?"

मला उत्तर सुचेना. पाटीवर लाकूड, काळ, कोरीवकाम सगळं लिहिलं होतं. बाळाबद्दल अवाक्षर नाही. तेवढ्यात तिला शू लागली आणि आम्ही धावत सुटलो. शस्त्रांचं दालन राहिलं, नाण्यांचंही. निघताना ती पाळण्याला टाटा करायला पुन्हा आत गेली.