भंगारवाल्याला पुलाचे काय पडले आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतली माझी फौंड्री भंगारावर चालते, आणि तरीही आंध्रातल्या राजमहेंद्रीचा गोदावरीवरील, आता बंद असलेला हॅवलॉक रेल्वे पूल मोडू नये असे मी म्हणतो, यात विसंगती नाही का, हे उद्यमनगरात मला भेटेल तो विचारतो. विसंगती आहे. भंगार नसेल तर माझी भट्टी थंड पडेल, हेही खरे.

काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याच्या मालात कुठल्याशा रेल्वे पुलाच्या कैचीचे, म्हणजे त्रिकोणात जोडलेल्या पट्ट्यांच्या सांगाड्याचे, तुकडे आले : गॅस कटरने कापलेल्या तिरक्या पट्ट्या, टोकांना गोल डोक्यांचे रिव्हेट. आमच्या जुन्या कारागिराने एका पट्टीला छिन्नीने खाच पाडून ती घणाने वाकवली, तेव्हा ती कडकन तुटली नाही. उसाच्या कांड्यासारखी चिरफाळत गेली आणि आत धातुमळीचे (लोखंडात राहिलेल्या अशुद्ध काटाचे) तंतू दिसले. ते घडीव लोखंड होते, जे आता व्यापारी प्रमाणावर कोणी बनवत नाही. “मालक, भट्टीत गेल्यावर हे बी बाकीच्यागत पाणीच हुतंय की,” तो म्हणाला. ऑर्डरची मुदत जवळ आली होती. आम्ही हीट लावली, पट्ट्या वितळवून टाकल्या. आठवण म्हणून एखादी पट्टी का ठेवली नाही, असेही मला विचारतात. ठेवून काय कळले असते? कैचीत कोणती पट्टी ताण घेते आणि कोणती दाब, हे सगळी जोडणी उभी असतानाच वाचता येते.

त्या पट्ट्या वितळवणारा पूर्वीचा मी मात्र अजून गप्प बसत नाही. पेनसिल्व्हेनियातला किंझुआ पूल १९०० साली पोलादात नव्याने बांधला, पण पायातले १८८२ चे बोल्ट तसेच ठेवले. ते गंजले, आणि २००३ साली दुरुस्ती चालू असतानाच टोर्नेडोने (जमिनीवरच्या भोवऱ्यासारख्या वादळाने) त्याचे २० पैकी ११ मनोरे पाडले. नुसते उभे ठेवणे म्हणजे जतन नव्हे, हे त्या पूर्वीच्या माझे म्हणणे मला खोडता येत नाही.

हॅवलॉकवरून १९०० पासून १९९७ पर्यंत गाड्या गेल्या. त्याचे ५६ गाळे (दोन खांबांमधले भाग) खरवडून रंगवत राहायचा खर्च कोणी करायचा? थोडेच गाळे ठेवावेत, असे घरचे सुचवतात. पण मग तो नदी ओलांडणार नाही, आणि निम्म्या नदीत थांबलेल्या पुलासाठी मी भांडावे का, हे माझे अजून ठरलेले नाही.