आमची वाटचाल : नौपाड्यातलं स्पूलवाल्याचं दुकान

बरेच जण म्हणाले दुकानाबद्दल काहीतरी लिहा, म्हणून लिहितोय. 1982 च्या एशियाडला रंगीत टीव्ही आले आणि त्याच्या मागोमाग आम्ही दोघांनी ठाण्यात, नौपाड्यात गाळा घेतला, मी आणि माझा तेव्हाचा पार्टनर. पुढची कितीतरी वर्षं टीव्हीवर चालली, त्यात सांगण्यासारखं काय, ईएचटी, म्हणजे पिक्चर ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर, बदला, पैसे घ्या, पुढचा सेट टेबलावर. मग सपाट टीव्ही आले, त्यात रिपेअर कोणी करत नाही, आख्खा बोर्डच बदलतात, आणि आमचं गिऱ्हाईक आटलं. गाळ्याचं भाडं थकलं, घरात बोलणी खाल्ली.

नेमका त्याच वेळी पार्टनर वेगळा झाला. वेगळा झाला म्हणजे काय, सकाळी शटर उघडून बघतो तर ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, गायब, कॅलिब्रेशनची टेस्ट टेप गायब, सर्व्हिस मॅन्युअलची ट्रंक पण गायब. थोड्याच दिवसांत शेजारच्या गल्लीत काचेचं दुकान, एसी, आणि पाटीवर 'व्हिंटेज ऑडिओ रिस्टोरेशन'. स्पूल टेपरेकॉर्डर, म्हणजे कॅसेटऐवजी मोठ्या चकरीवरची उघडी टेप वाजवणारं मशीन, उघडायला त्याला मी शिकवलं, हे पाटीवर नव्हतं.

माझ्याकडे काय उरलं, तर सोल्डरिंग आयर्न, राळेची डबी, काट्याचा मीटर आणि सिरीज बोर्ड. हा सिरीज बोर्ड म्हणजे लाकडी फळीवर एक होल्डर, एक सॉकेट आणि 100 वॉटचा साधा पिवळा बल्ब. माळ्यावरून काढलेलं मशीन आधी यावर लावायचं. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, थेट लाइनवर लावलं असतं तर ट्रान्सफॉर्मर गेला असता. हे बल्ब आता दुकानात सहज मिळत नाहीत, एलईडी चालत नाही, म्हणून मी साठा करून ठेवलाय.

पार्टनरची पद्धत वेगळी. मशीन आलं की सगळे कॅपॅसिटर काढायचे, नवे टाकायचे, जुन्यांचा ढीग करून फोटो काढायचा. गिऱ्हाईक खूश. आणि वर लोकांना सांगायचं, पलीकडचे मामा जुन्या जमान्यातले आहेत, एकेक पार्ट चाचपत बसतात. हे माझ्या कानावर यायचं, आणि त्या काळात खरंच माझ्याकडे दिवस दिवस कोणी फिरकायचं नाही.

तेव्हा आले बुवा. शास्त्रीय गाणं शिकवणारे, चरईत राहणारे, पहिल्यापासून आमच्या दुकानाचे. पुतण्याने अमेरिकेतून आणलेलं 117 व्होल्टचं स्पूल मशीन त्यांनी आधी पार्टनरकडे दिलेलं, कारण काच आणि एसी. त्याने स्टेपडाउन, म्हणजे आपल्या लाइनचे व्होल्ट 117 वर आणणारा ट्रान्सफॉर्मर, विकला, सगळे कॅपॅसिटर बदलले, बिल दणदणीत. पण गुरुजींच्या मैफिलीची टेप लावली तर पेटीच्या काळी एक पट्टीतलं गाणं खालच्या काळी पाचमध्ये, आणि मागे सतत गूं. पार्टनर म्हणाला टेप ताणली गेलीय. अहो, टेप ताणली तर ताणल्या जागी सूर हलतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत अख्खं गाणं सारखं खाली कसं उतरेल? स्टेपडाउन व्होल्ट कमी करतो, फ्रिक्वेन्सी नाही. तिकडे लाइन 60 हर्ट्झची, आपली 50 ची, आणि या मशीनची मोटर लाइनच्या फ्रिक्वेन्सीवर फिरणारी, म्हणजे स्पीड सहाला पाच. गाणं पेटीच्या काळ्या-पांढऱ्या धरून साधारण तीन पट्ट्या खाली येतं, हिशोब जुळतो. रिवॉक्स ए77 असतं तर ही भानगडच नव्हती, 1967 पासून त्यात कॅप्स्टन मोटरचा, म्हणजे टेप ओढणाऱ्या मोटरचा, स्पीड इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळतं. इथे मी वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून मोटरची पितळी पुली करून घेतली, व्यास मूळच्या 1.2 पट, गाणं परत काळी एकला.

राहिला गूं. पॉवर सप्लायचा मेन कॅपॅसिटर सुकला असेल तर हम, म्हणजे हा गूं, येतो 100 हर्ट्झचा, कारण एसीचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर लाइनचे दोन्ही अर्धे भाग घेतो. टेप वाचणाऱ्या हेडची वायर उघडी पडली किंवा अर्थ लूप झाला, म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेलं, तर मुख्यतः 50 चा. ऑसिलोस्कोप तर गेलेला. पण स्टेपडाउनचे आतले लोखंडी पत्रे घुमतात ते 100 वर, आणि बुवांचा कान समोर. म्हटलं बुवा, या डब्याचा सूर धरा आणि स्पीकरमधला ऐका. त्यांनी डोळे मिटले, गुणगुणले, म्हणाले, "अरे, हा बरोबर खालच्या सप्तकातला आहे." म्हणजे 50. म्हणजे सप्लायचा काही संबंधच नाही, ते सगळे कॅपॅसिटर उगाच बदललेले. प्लेबॅक हेडच्या वायरची जाळी कनेक्टरपाशी सुटलेली होती, बाहेरून धड दिसायची, बोटाने हलवली की गूं वाढायचा. एक टाका मारला, गप्प. बिल चहाच्या पैशांत झालं असतं, बुवांनी हट्टाने जास्त दिले.

त्यानंतर बुवांनी दादरपासून डोंबिवलीपर्यंतच्या गवय्यांना माझ्याकडे धाडलं. दुकान उभं राहिलं ते त्यामुळे, काच लावून नाही.

आता विषय निघालाय तर सांगतो. हेड चेक करायला त्याला मीटरचा ओहम रेंज लावू नका, मीटरच्या बॅटरीच्या डीसी करंटने हेड मॅग्नेटाइज होतं आणि टेपवर सुस्कारा चढतो. मोटर नुसती गुरगुरत असेल आणि हाताने ढकलल्यावर फिरत असेल तर आधी तिचा कॅपॅसिटर बघा, मोटर जळाली म्हणून कोणी नवी गळ्यात मारेल. जुनं व्यवस्थित वाजतंय पण नवीन रेकॉर्डिंग चिरकं येतंय आणि त्याखाली आधीचंही ऐकू येतंय, तर बायस ऑसिलेटर, म्हणजे रेकॉर्डिंग साफ येण्यासाठी आणि जुनं पुसण्यासाठी हाय फ्रिक्वेन्सी देणारं सर्किट, मेलेलं आहे, हेडला हात लावू नका. आणि फोनवर 'अंदाजे किती होतील' विचारू नका, उघडल्याशिवाय सांगणारा माणूस शेजारच्या गल्लीत आहे.

मशीन आणाल तेव्हा एक रिकामं आणि एक भरलेलं स्पूल सोबत आणा, नुसतं मशीन आणलंत तर वाजवून दाखवू कशावर. गणपतीचे पाच दिवस दुकान बंद.