बंबलबीची राणी उठली!

आज दुपारी उन्हं जरा तापली आणि वाळक्या पाल्याखालून एक जाडजूड, केसाळ बंबलबी (मधमाशीच्याच कुळातली माशी) बाहेर आली. उडेना. जागच्या जागी थरथरत होती, पोट भराभर वरखाली. छातीचे स्नायू थरथरवून ती अंग तापवते. छातीचं तापमान साधारण ३० अंशांवर गेलं की मगच तिला उडता येतं. ही राणीच असणार, कारण हिवाळा काढते ती फक्त नवी राणी. बाकीची वसाहत थंडीआधीच संपते. आता मकरंद शोधायचा, मग उंदराचं एखादं जुनं बीळ, मग अंडी, सगळं हिच्या एकटीवर! बघून भरूनच आलं. शेजारी लाल, ठिपक्यांचे ढालकिडेही ऊन खात होते. अजून बरेच जण आत आहेत, बागेतला पाला इतक्यात झाडू नका हो.