लॅपटॉपमधले कासव आणि बायोसचे कुलूप

गेल्या पावसाळ्यात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मी एक वापरलेला लॅपटॉप घेतला. कुठल्याशा कार्यालयातून निवृत्त झालेला, आठव्या पिढीचा कोअर आय५ प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम असलेला. विंडोज ११ वर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारा प्रोग्राम) बसवून त्यात उबंटू ही लिनक्स प्रणाली चालवावी, एवढाच बेत होता. आभासी यंत्र सुरू करताच व्हर्च्युअलबॉक्सने कळवले की व्हीटी-एक्स (अशी यंत्रे चालवण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमध्ये असलेली सोय) बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, बंद आहे. प्रोसेसरच्या माहितीपत्रकात तर व्हीटी-एक्सची सोय स्पष्ट नोंदवलेली होती. मी ते पत्रक तीनदा वाचले, आणि तो वेळ वाया गेला, कारण चिपमध्ये सोय असणे आणि ती आपल्या हाती लागणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मुळात ही सोय लागते कशासाठी? पोपेक आणि गोल्डबर्ग या संशोधकांनी १९७४ मध्ये मांडलेल्या अटीनुसार, यंत्राच्या मूळ स्थितीला हात घालणारी प्रत्येक आज्ञा अधिकार नसताना चालवली गेली, तर प्रोसेसरने तिथेच थांबून नियंत्रण वरच्या देखरेख करणाऱ्या प्रोग्रामकडे दिले पाहिजे. जुना एक्स८६ (इंटेल आणि एएमडीच्या घराण्यातला) प्रोसेसर ही अट पाळत नसे. उदाहरणार्थ, पॉपएफ ही आज्ञा सामान्य प्रोग्रामने इंटरप्ट (प्रोसेसरचे काम मध्येच थांबवणारे संकेत) बंद करण्यासाठी वापरली, तर प्रोसेसर ना तक्रार करी ना ते काम करी. तो भाग गुपचूप गाळून पुढे जाई. पेंटियममध्ये अशा १७ आज्ञा असल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दाखवले गेले. त्यामुळे सुरुवातीच्या काळात व्हीएमवेअरसारख्या आभासी यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांना पाहुण्या प्रणालीचा (आभासी यंत्रात चालणाऱ्या प्रणालीचा) कोड चालता चालता बदलून घेण्याची मोठी कसरत करावी लागली. इंटेलने २००५ च्या अखेरीस व्हीटी-एक्स आणि एएमडीने २००६ मध्ये तशीच एएमडी-व्ही ही सोय आणल्यावर ती गरज ओसरली. व्हर्च्युअलबॉक्सने तर ६.१ या आवृत्तीपासून जुनी पद्धत काढूनच टाकली, त्यामुळे आता या सोयीला पर्याय उरलेला नाही.

परंतु ही सोय एका कुलपामागे असते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एक नियंत्रण रजिस्टर (छोटी नोंदजागा) आहे. लॅपटॉप सुरू होताना फर्मवेअर, म्हणजे बायोस, त्यात व्हीटी-एक्स चालू की बंद हे लिहिते आणि त्याच रजिस्टरमधला कुलपाचा बिट लावून टाकते. एकदा तो लागला की यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत विंडोज काय किंवा लिनक्स काय, कोणालाही तो निर्णय फिरवता येत नाही. म्हणून विंडोजच्या आत बसून कितीही खटपट केली तरी उपयोग शून्य. बायोसमध्येच जावे लागते.

तिथे गेलो, तर पर्याय दिसत होता, पण राखाडी. जुन्या कार्यालयाने लावलेला बायोसचा पासवर्ड तसाच राहिला होता. दुकानदाराला फोन केला. “साहेब, आतला सेल काढून पाच मिनिटं ठेवा, सगळं उडतं,” तो म्हणाला. जुन्या डेस्कटॉपवर हे चाले. माझ्या लॅपटॉपसारख्या कार्यालयीन यंत्रांत मात्र पासवर्ड विजेशिवायही टिकणाऱ्या स्मृतीत असतो, आणि सेल काढून माझे फक्त घड्याळ चुकले. अखेर दुकानदारानेच माल पुरवणाऱ्याकडून तो पासवर्ड मिळवून दिला, त्याला तीन दिवस लागले. वापरलेला लॅपटॉप घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी दुकानातच बायोस उघडून पाहावे, असे मी आता प्रत्येकाला सांगतो. बायोसमध्ये बदल करण्याआधी बिटलॉकरची (विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाची) रिकव्हरी की लिहून ठेवावी, हेही जोडतो, कारण अशा बदलानंतर विंडोज ती मागू शकते.

इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी हा पर्याय चालू केला. शेजारचा व्हीटी-डी वेगळ्या कामाचा आहे: एखादे उपकरण थेट व्हर्च्युअल मशीनच्या हवाली करायचे असेल तर तो लागतो. मला त्याची गरज नव्हती. (एएमडीच्या यंत्रांवर हाच मुख्य पर्याय बहुधा एसव्हीएम मोड या नावाने असतो.) आता टास्क मॅनेजरमध्ये व्हर्च्युअलायझेशनपुढे ‘एनेबल्ड’ दिसू लागले आणि उबंटू सुरूही झाले, पण लॉगिनच्या पडद्यापर्यंत पोहोचायला चार मिनिटे लागली. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत उजवीकडे खाली एक हिरवे कासव बसले होते.

या कासवाचा अर्थ असा की व्हीटी-एक्स चालू आहे, पण ते विंडोजच्या स्वतःच्या हायपरवायझरने (आभासी यंत्रांवर देखरेख करणाऱ्या प्रोग्रामने) आधीच ताब्यात घेतले आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्यामार्फत काम करत आहे. दोष माझाच होता. काही दिवसांपूर्वी मी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय) बसवण्याचा प्रयत्न केला होता. बायोसच्या कुलपामुळे तो फसला, पण त्यासाठी चालू केलेला विंडोजचा व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म हा घटक तसाच राहिला आणि कुलूप निघताच तो पुढे सरसावला. तो बंद करून यंत्र पुन्हा सुरू केले, तरी कासव जागचे हलेना. मग सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये पाहिले, तेव्हा व्हर्च्युअलायझेशनवर आधारित सुरक्षा चालू असल्याची नोंद आढळली. विंडोज सिक्युरिटीतील कोअर आयसोलेशनखालची मेमरी इंटिग्रिटी तिचा वापर करत होती, आणि ही सुरक्षाही त्याच हायपरवायझरवर चालते.

इथे मी थोडा रेंगाळलो. विंडोजच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) घातक ड्रायव्हर घुसू नये यासाठी ही व्यवस्था आहे आणि ती निव्वळ वेगासाठी बंद करणे मला पटत नाही. विंडोजची प्रो आवृत्ती असती तर मी व्हर्च्युअलबॉक्सचा हट्ट सोडून विंडोजमधलेच हायपर-व्ही वापरले असते. माझ्याकडे होम आहे आणि तिच्यात ते मिळत नाही. शेवटी मेमरी इंटिग्रिटी बंद केली, बँकेची कामे घरातल्या दुसऱ्या यंत्रावर हलवली आणि या लॅपटॉपवर अनोळखी ड्रायव्हर बसवायचे नाहीत असे ठरवले. पुढच्या वेळी कासवाच्या जागी व्ही अक्षराचे चिन्ह आले आणि उबंटूचे लॉगिन चाळीस सेकंदांत समोर होते. डब्ल्यूएसएलची दुसरी आवृत्ती मात्र आता या लॅपटॉपवर चालत नाही.