पिझ्झा कसा होता ते नंतर, आधी कधी खाल्लात ते सांगा

मालवणात आमचा छोटासा होमस्टे आहे, त्यामुळे गावातल्या झाडून सगळ्या हॉटेलांबद्दलची मतं मला रोज सकाळी घावन-चटणी वाढता वाढता फुकटात ऐकायला मिळतात. माशांवरून फारसं भांडण होत नाही, झालंच तर तिखटावरून. सोलकढी सगळ्यांना आवडते किंवा आवडली असं तरी सगळे म्हणतात. पण पिझ्झा! तारकर्लीच्या रस्त्याला जरा आत एक पिझ्झावाला आहे, नाव लिहीत नाही कारण मला या गावात राहायचंय, आवारात लाकडावरची भट्टी, वर पत्रा, सहा-सात टेबलं आणि मालक म्हणजे इथलाच एक पोरगा जो गोव्यात एका किचनमध्ये काही वर्षं काढून परत आला आणि घरच्यांनी मच्छीच्या थाळीचं हॉटेल टाक म्हणून जीव खाल्ला तरी यानं भट्टीच बांधली. याच्या पिझ्झाबद्दल दोन माणसांचं एक मत झालेलं मी अजून ऐकलेलं नाही.

मे महिन्यातली गोष्ट, आमच्याकडे पुण्याचे एक काका-काकू आणि कोल्हापूरचं एक जोडपं एकाच वेळी होते. काका म्हणाले, अहो काय ते, मधे सगळं पिचपिचीत, तुकडा उचलला तर टोक खाली लोंबतंय आणि सगळं टॉपिंग ताटात. कोल्हापूरवाली म्हणाली, काहीतरीच काय काका, आम्ही इतका हलका पिझ्झा कुठे खाल्ला नव्हता, पोटाला जडसुद्धा नाही झाला. दोघंही तावातावानं बोलत होते आणि मी मधे चहाची किटली घेऊन उभी. मग विचारलं तेव्हा कळलं की काका गेले होते शनिवारी रात्री नऊ वाजता आणि ही दोघं गेली होती मंगळवारी संध्याकाळी, दुकान उघडल्या उघडल्या.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालंय की या पोराच्या दुकानात एकाच नावाचे दोन पिझ्झा मिळतात आणि लोक वेगवेगळे पिझ्झा खाऊन एकमेकांशी भांडतायत.

कसं ते सांगते. हा पोरगा करतो तो इटलीतल्या नेपल्स शहराच्या पद्धतीचा पिझ्झा, म्हणजे मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, बस. तेल नाही, साखर नाही. तो भाजायचा साधारण सव्वाचारशे-साडेचारशे डिग्रीच्या भट्टीत, आणि फक्त ६० ते ९० सेकंद. आपल्या घरातला ओव्हन २५० च्या वर जात नाही म्हणजे बघा. त्या दीड मिनिटात खालून फरशीची धग, वरून घुमटाची आणि बाजूनं ज्वाळेची, तिन्ही लागली पाहिजे. आता प्रत्येक पिझ्झा फरशीतली थोडी थोडी उष्णता खाऊन जातो. बिडाच्या तव्यावर घाईघाईत एकामागून एक घावनं घातली की चौथं-पाचवं पांढरट राहतं आणि चिकटतं ना, तेच. मंगळवारी संध्याकाळी दोन पिझ्झाच्या मधे भट्टीला दम खायला वेळ मिळतो. शनिवारी रात्री स्कूबावाले, किल्ला बघून आलेले, देवबागहून जेवायला इकडे आलेले, सगळे एकदम, मग भट्टीची वरची बाजू पेटलेली पण फरशी निवलेली, वरून डाग पडलेत आणि खालून कच्चा. काकांना तो मिळाला.

दुसरी भानगड पिठाची. ते आदल्या दिवशी मळून, गोळे करून, थंडाव्यात सावकाश फुगवायचं असतं. सावकाश फुगलं की चव येते आणि पचायलाही हलकं वाटतं. सीझनला रात्री आठलाच गोळे संपतात. मग पोरगा काय करतो, दुपारी घाईनं मळलेलं राखीव पीठ काढतो, आणि मालवणातला मे म्हणजे किचनमध्ये काय उकाडा असतो तो वेगळा सांगायला नको, त्यात यीस्ट असं पिसाळतं की दोन तासांत पीठ फुगून वर येतं. दिसायला तेच दिसतं पण चवीला नुसता पाव. मी त्याला तोंडावर सांगितलं, गोळे संपले की दुकान बंद कर. तो म्हणाला ताई, मे आणि डिसेंबरवर माझं वर्ष चालतं, बंद कसा करू. त्याचंही खरंच आहे, आम्ही तरी मे महिन्यात खोली नाही म्हणून कुणाला परत पाठवतो का, गच्चीवर गाद्या टाकतोच ना.

आता गावातली मतं. ती वेगळीच. आमची शेजारीण मावशी एकदा नातवासोबत गेली आणि पिझ्झाच्या कडेला काळे ठिपके बघून तिथेच म्हणाली, "ह्यो जळललो आसा, दुसरो करून दी. कोळसो खाऊक इलंय काय मी?" पोरगा म्हणाला मावशी, ह्यो असोच असता. तिला ते पटलं नाही ते नाहीच आणि ती आजही भरड नाक्यावर भेटेल त्याला सांगते की तो करपवतो. खरं तर ते ठिपके म्हणजे भट्टी नीट तापलेली असल्याची खूण, ते नसले तर मी काळजी करीन. पण ठिपके वेगळे आणि कड सरसकट काळी कोळसा वेगळी, आणि गर्दीत त्याचा हेल्पर पिझ्झा फिरवायला विसरला की दुसरं प्रकरणही होतं, ते मी स्वतः खाल्लंय, आणि मावशीला नेमका तोच मिळाला असेल तर ती काय चूक बोलली?

चीजवरून मात्र मला गावकऱ्यांचं पटत नाही. आमच्या एका काकांचं म्हणणं, "तीनशे वीस रुपये आणि चीज खय आसा? दुर्बीण घेऊन बघूक व्हया." आता आपल्याकडे पिझ्झा आला कसा, तर बेकरीतला तयार बेस, त्यावर केचप, कांदा, सिमला मिरची आणि भरपूर किसलेलं चीज, तव्यावर झाकण ठेवून पाच मिनिटं. मोठ्या परदेशी चेन भारतात १९९६ साली आल्या आणि आमच्या पिढीनं मुंबईला मामाकडे गेल्यावर तो खाल्ला, त्यातही चीजचा लोट. त्यामुळे पिझ्झा म्हणजे चीज हे डोक्यात बसलंय. मार्गारिटावर, म्हणजे नुसत्या सॉस-चीजच्या साध्या पिझ्झावर, मोझरेला या ताज्या चीजचे तुकडे तुकडे टाकतात, मधून मधून लाल सॉस दिसलाच पाहिजे, नाहीतर त्याचं पाणी सुटून मधे तळं होतं. आणि त्या डब्यातल्या प्रोसेस्ड चीजमध्ये ते फुटू नये म्हणून क्षार घातलेले असतात, म्हणून ते मऊ वितळतं पण मोझरेलासारखी तार धरत नाही. काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले बरं, मग चीज कमी तर पैसे पण कमी घे म्हणावं. याला माझ्याकडे उत्तर नाही. कोळंबीचा पिझ्झा ४८० ला आहे आणि तेवढ्यात इथे बांगड्याच्या दोन थाळ्या येतात, हे विसरून कसं चालेल.

कोळंबीवरून आठवलं. जून-जुलैत येऊन "कोळंबी ताजी नव्हती" म्हणणारे पाहुणे मला कमाल वाटतात. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद असते हो, माशांच्या विणीचा काळ आणि दर्या खवळलेला. त्या दिवसांत एवढ्या पिझ्झांना पुरेल इतकी कोळंबी म्हणजे बहुतेक फ्रीजरमधली. मी पाहुण्यांना सरळ सांगते, नारळी पौर्णिमेपर्यंत कोळंबीचा मागू नका.

पावसाळ्यात बाकी पिझ्झा चांगला लागतो असं माझं मत, कारण गिऱ्हाईक नाही, पोरगा निवांत. पण तेव्हाही नशिबाचा भाग आहेच. हवेतल्या दमटपणानं मैदाच ओलसर होतो, पाणी हात राखून घालावं लागतं, लाकडाची बेगमी मे महिन्यातच करून झाकून ठेवली नसेल तर ओली लाकडं नुसती धुमसतात आणि भट्टी काही केल्या तापत नाही. वर लाईट गेली की फ्रीज बंद, पीठ आंबट. डोंबिवलीचा माझा चुलतभाऊ गणपतीला येतो, एका वर्षी म्हणाला वा काय खास आंबूस चव आहे, अगदी इटलीसारखी, आणि पोरगा मला हळूच म्हणाला ताई काल रात्रभर लाईट नव्हती. भाऊ इटलीला गेलेला नाही हेही इथे नमूद करते.

अजून एक जमात म्हणजे पार्सलवाली. दुकानात न खाता डब्यातून खोलीवर आणायचा, आंघोळी उरकायच्या, फोटो काढायचे, मग खायचा, आणि सकाळी मला सांगायचं की चामड्यासारखा होता. गरम पिझ्झा बंद डब्यात ठेवला की स्वतःच्याच वाफेत भिजतो. त्यात हा पातळ बेस, पंधरा मिनिटांत कामातून गेला. चेनवाल्यांचा जाड, तेल घातलेला बेस पार्सल सोसतो. म्हणून हल्ली मी पार्सल आणलेलं दिसलं की न विचारता कपाटातून बिडाचा तवा काढून देते, झाकण न ठेवता दोन मिनिटं गरम करा म्हणून.

आणि अननस. दर आठवड्याला एक तरी पोर अननसाचा मागतं आणि एक तरी बाप म्हणतो की इटलीत असं मागितलंस तर हाकलून देतील. तो प्रकार इटलीचा नाहीच मुळी, १९६२ साली कॅनडात एका ग्रीसहून आलेल्या हॉटेलवाल्यानं सुरू केलेला. आमचा पोरगा अननस घालत नाही, पण काजूच्या सीझनला ओले काजू घालतो आणि त्यावरून तर गावात उभी फूट आहे. आमच्या आईचं म्हणणं ओले काजू उसळीतच शोभतात, चीजमध्ये त्यांची गोडी मरते. मला तो आवडतो, फक्त त्यात त्यानं कांदा कमी घालावा.

तर पाहुण्यांनो, जायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी, साडेसातच्या आत, तिथेच बसून, आणि पहिल्यांदा साधा मार्गारिटा. एवढं करून नाही आवडला तर मग सकाळी येऊन मला बोला, ऐकून घेईन. शनिवारी रात्री नऊला जाणार असाल तर त्यापेक्षा मासे खा.

ताजी खबर अशी की गर्दीसाठी तो शेजारी गॅसवरची दुसरी भट्टी बसवतोय. मावशी म्हणते आता तरी करपणार नाही, कोल्हापूरवालीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली अरेरे, मग काय मजा राहिली. गॅसचं कनेक्शन अजून आलेलं नाही.